पट्टे सुकवायचे दिवस

पाऊस गेला हे मला आभाळाकडे बघून कळत नाही, वासावरून कळतं. बदलापूरला, बेलवलीतल्या आमच्या इमारतीखाली गाड्या उभ्या असतात, पावसाळाभर काचा वर करून बंद ठेवलेल्या. भाद्रपद सरता सरता कुणीतरी एखादीचं दार उघडतं आणि आत कोंडलेला वास माझ्या गॅलरीपर्यंत चढत येतो. ओल्या गोणपाटासारखा, जरासा आंबूस. माझी बायको सुमन म्हणते, कसला वास घेत बसलात, आत या. मी बसून राहतो. तो वास सीटचा नसतो, सीट बेल्टचा असतो. सीटला निदान काचेतून ऊन तरी मिळतं. पट्टा मात्र गुंडाळून आपल्या बिळात बसलेला असतो, त्याला ना ऊन लागत ना वारा. पावसाळाभरात त्याच्यावर बुरशी धरते.

लोकांचा दसरा झेंडूचा असतो. माझा रिठ्याच्या फेसाचा आणि ओल्या नायलॉनचा. या दिवसांबद्दल लोक फार गोड बोलतात. धुऊन काढल्यासारखं आभाळ, पिवळं पडत आलेलं भात, मलंगगडाचा स्पष्ट दिसणारा कडा. ते आमच्याकडेही होतं, नाही असं नाही. पण मला हे दिवस आवडत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन मानेला चिकटायला लागलं की माझ्या तोंडाला एक कडू चव येते, आणि दिवाळी होऊन जाईपर्यंत ती जात नाही.

ऐंशीच्या दशकात अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो त्याला टाळं लागलं. आम्ही बरेच महिने गेटवर बसलो, घोषणा दिल्या, मग एकेक जण उठून पोटापाण्याच्या वाटेला लागला. मी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात सीट कव्हरं शिवायला लागलो. शेठ माणूस चांगला होता. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजी आमच्या पुढ्यात सरकवायचा आणि म्हणायचा, साईं, पहले पेट, फिर मशीन. गाडीच्या पट्ट्याला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. बऱ्याच गाड्यांत पट्टे नसतच, आणि ज्यांत असत त्यांचे मालक ते सीटच्या फटीत खुपसून ठेवत, पँटला डाग पडतो म्हणून.

नव्वदीत हवा बदलली. मुंबईत पोलीस पट्ट्यावरून गाड्या अडवायला लागले आणि लोकांना एकदम आपल्या पट्ट्यांची आठवण झाली. ओढून बघावं तर कुणाचा बाहेरच येईना, कुणाचा आला तर परत जाईना, कुणाच्या पट्ट्याला उंदरांनी कुरतडलेलं. शेठच्या दुकानात हे काम करायला कुणी तयार नव्हतं. मी घेतलं. हळूहळू एवढं काम यायला लागलं की उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या कडेला, आमच्या खोलीसमोरच, मी पत्र्याची शेड टाकली. पाऊस संपल्यावर दसऱ्यापर्यंत तिथे गाड्यांची रांग लागे. दसऱ्याला गाडीला हार घालायचा, तर ती आतून घाण कशी चालेल?

पट्टा धुणं म्हणजे कपडा धुणं नव्हे. आधी तो सगळा बाहेर ओढायचा, अगदी शेवटपर्यंत, आणि वर दाराच्या खांबापाशी लाकडी चिमटा लावायचा, म्हणजे तो सुळकन परत आत जाणार नाही. ज्या चकरीवर तो गुंडाळला जातो तिच्यात पाणी जाता कामा नये. पाणी साधं, साबणाऐवजी रिठा, ब्रश विणीच्या बाजूने, आडवा कधीच नाही. ब्लीच टाकलं की पट्टा दिसायला उजळतो आणि आतून मरतो. मग कोरड्या फडक्याने दाबून पुसायचा आणि गाडीची दारं उघडी टाकून सावलीत सुकू द्यायचा. घाई करून ओला पट्टा आत सोडला तर आठवड्यात पुन्हा बुरशी. कडेचे धागे तुटले असतील तर तो फेकायचा. शिवून द्या म्हणणारे पुष्कळ यायचे. मी शिवत नसे.

शेडच्या वाशाला सोडवून आणलेले पट्टे टांगलेले असत. काळे, राखाडी, एखादा बदामी. वारा आला की त्यांची लोखंडी टोकं एकमेकांवर आपटत. त्या आवाजात माझी धाकटी बहीण शांता एका ऋतूत येऊन बसली, आणि मग तो ऋतू माझ्यासाठी कधी संपलाच नाही.

शांताचा नवरा भीमराव. मूळ गाव जांभूळ, राहायला अंबरनाथला. एका कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. उंच माणूस, बोलणं कमी, पांढरा गणवेश स्वतः इस्त्री करून घालणारा. त्यांच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. जांभूळच्या विहारात वंदनेला पंचशील म्हणताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा, कारण त्यांच्या धाकट्या चुलत्याला दारूने खाल्लेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. साहेबांच्या पार्ट्या असत तेव्हा बाहेर थांबलेले बाकीचे ड्रायव्हर आपापली सोय करून घेत. भीमराव गाडी पुसत बसत. ते सगळे त्यांना महाराज म्हणत. शांता हे हसून सांगायची, पण त्या हसण्यात अभिमान असायचा.

कधी साहेब मीटिंगमध्ये अडकले की भीमराव गाडी घेऊन माझ्या शेडकडे चक्कर टाकत. पांढरी गाडी. साहेबांना मागे बसलं की मळमळायचं, म्हणून ते नेहमी पुढे बसत. त्यांच्या बाजूचा पट्टा चांगला चालायचा. ड्रायव्हरच्या बाजूचा अडकलेला होता, ओढला तरी जागचा हलत नव्हता. मी म्हटलं, एक दुपार गाडी सोडा, खोलून बघतो. ते म्हणाले, गाडी सोडायची तर साहेबांना विचारावं लागेल. त्यांनी विचारलंही. साहेब म्हणाले, तुझ्या हातात स्टिअरिंग आहे, तुला कशाला पट्टा? बघू दिवाळीनंतर. भीमरावांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यात तक्रार नव्हती. साहेबांचा स्वभाव सांगावा तसं सांगितलं. शांता मात्र घरी त्यांच्या मागे लागली होती, पुन्हा विचारा म्हणून. ते म्हणाले, एकदा सांगून झालंय, सारखं काय सांगायचं.

पावसाचे शेवटचे दिवस होते. बदलापूरकडून येताना रस्त्यात बंद पडलेला ट्रक उभा होता, समोरून दुसरी गाडी येत होती, आणि त्या दोघांच्या मधून जायला गेलेली पांढरी गाडी ट्रकच्या कोपऱ्यावर आदळली. साहेब वाचले. छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा निळा वळ उठला होता, तेवढाच. शांताने तो दवाखान्यात पाहिला. डॉक्टर त्यांच्या शर्टाची बटणं काढून तपासत होते आणि ती पडद्याच्या फटीतून बघत उभी होती. भीमराव आत होते. छाती स्टिअरिंगवर चेपलेली, डोकं काचेवर आपटलेलं. त्यांना मधेच शुद्ध आली. शांताने कान जवळ नेला तेव्हा ते म्हणाले, "मी थांबत होतो. साहेब म्हणाले, घाल पुढे." त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

मयतीला कंपनीतून कुणीतरी हार घेऊन आलं. दुःख मोठं होतं, पण सरळ होतं. माणूस गेला, रडायचं, दिवस काढायचे. कडू झालं ते नंतर. कंपनीच्या कारखान्यातून एक शब्द निघाला. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, काही कळलं नाही. ड्रायव्हर प्यायला होता. एवढाच शब्द. तो अंबरनाथच्या चाळीत आला, तिथून जांभूळला पोचला, आणि एक दिवस शांताच्या मुलीला, करुणाला, शाळेत कुणीतरी तोंडावर म्हटलं. कंपनीला तो शब्द सोयीचा होता. साहेबांनाही सोयीचा होता. कागदावर असा काही आरोप नव्हता, नाहीतर निदान भांडता आलं असतं. नुसत्या हवेतल्या शब्दाशी कुठे जाऊन भांडायचं?

जांभूळला भीमरावांचे वडील होते, आबा. म्हातारा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खपलेला. आपला मुलगा साहेबांची गाडी चालवतो ही त्यांच्या जगण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. त्यांनी तो शब्द ऐकला आणि मानला. शांता रडून सांगत होती तरी मानला. म्हणाले, साहेब लोक कशाला खोटं बोलतील?

शांता करुणाला घेऊन आमच्याकडे राहायला आली. वर्ष असंच गेलं. पुढचा पाऊस संपला, शेडपुढे गाड्या लागायला लागल्या, आणि एका सकाळी ती आपणहून बाहेर आली, पदर खोचला, बादलीत हात घातला. मी म्हटलं, तुला हेच काम कशाला? सुमननेही समजावलं. शांता म्हणाली, दादा, दुसरं कुठलं काम करू?

ती फार चांगलं काम करायला लागली. माझ्याहून सावकाश, माझ्याहून चोख. पट्टा शेवटपर्यंत ओढून घ्यायची, दोन्ही हातांत धरून उजेडात बघायची, कुठे धागा उसवलाय का, कुठे ताणून विरळ झालाय का. एकदा भंगारातल्या गाडीचा पट्टा आला, त्याच्यावर तपकिरी डाग होते. मी तो तिच्या हातातून काढून घ्यायला गेलो. ती म्हणाली, "रक्तच आहे ना. गार पाण्यानं जातं." आणि धूत राहिली. तो पट्टा नंतर आम्ही कुणालाच दिला नाही, कापून टाकला. धक्का खाल्लेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो हे तिलाही माहीत होतं, तरी तिने तो आधी स्वच्छ केला. 

आज गॅलरीत बसून मी ती शेड आठवतो तेव्हा मला शांताचा चेहरा फारसा आठवत नाही, हात आठवतात. रिठ्याने पांढरे पडलेले, बोटांच्या टोकांना सुरकुत्या. दुपारी जेवताना ती उजव्या हाताने भाकरी मोडायची आणि डावा हात तसाच मांडीवर उताणा ठेवायची, सुकायला.

दसरा आठवड्यावर आला असेल. मी एका गाडीच्या सीटखाली डोकं घालून बसलो होतो. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. डोकं वर काढलं तर पांढरी गाडी. पुढचा भाग नवा बसवलेला, रंग नवा, पण नंबर तोच. एक तरुण ड्रायव्हर उतरला, कल्याणचा पोरगा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. म्हणाला, ड्रायव्हर साइडचा बेल्ट जाम आहे. "मी साहेबांना साफ बोललो, बेल्ट चालू करून द्या नायतर मी गाडी हातात नाय घेणार. बोले, जा करून घे."

मी त्याला म्हटलं, दुसरीकडे ने. माझ्याकडे वेळ नाही. तेवढ्यात मागून शांताचा आवाज आला, "राहू दे दादा. आपण करू."

ड्रायव्हर किल्ली ठेवून गेला. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. शांताने दार उघडलं आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. बराच वेळ बसली.  मग तिने हात वर करून पट्ट्याला झटका दिला. तो हलला नाही. आम्ही दोघांनी मिळून खालचं झाकण काढलं, चकरी सोडवली. आत धूळ आणि तेल मिळून एक कडक गोळा झालेला होता आणि त्यात प्लास्टिकचा एक तुटका तुकडा अडकला होता. मी चिमट्याने तो काढून शांताच्या तळहातावर ठेवला. चकरी लगेच फिरायला लागली.

शांता त्या तुकड्याकडे बघत होती. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

तिने तो तुकडा जमिनीवर टाकला आणि पट्टा धुवायला घेतला. दोन्ही बाजूंचे धुतले. साहेबांच्या बाजूचाही, जो अपघातानंतर नवा बसवलेला होता. मी म्हटलं, तो राहू दे, त्याचं काम सांगितलेलं नाही. तर म्हणाली, तो पट्टा काय कुणाला ओळखतो?

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाडी न्यायला आला तो साहेबांना घेऊनच. दोघे रिक्षातून उतरले, साहेबांना तसंच पुढे कल्याणला जायचं होतं. मी त्यांना पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होतो. राक्षसासारखे दिसत नव्हते. थकलेला, सभ्य चेहरा, खिशाला पेन. शांता ओले हात पुसत समोर गेली तेव्हा त्यांनी तिला क्षणभराने ओळखलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. भीमरावची मिसेस ना तुम्ही, असं म्हणाले. वाईट झालं, फार वाईट झालं, असंही म्हणाले.

शांता म्हणाली, "साहेब, एकच विचारायचंय. त्या दिवशी ते प्यायले होते का?"

"छे. मी तसं कुठे म्हटलंय?"

"मग कोण म्हटलं?"

साहेब म्हणाले, कारखान्यात माणसं काहीही बोलतात, त्यांची तोंडं मी कशी धरणार? शांता शांतपणे म्हणाली, "तोंडं नका धरू. एकदा जांभूळला या. माझ्या सासऱ्यांसमोर, चार माणसांत म्हणा की ते प्यायले नव्हते. पुढे घाल म्हणालात ते नका सांगू. ते मी कुणाला सांगणार नाही. फक्त एवढं म्हणा."

मी साहेबांकडे बघत होतो. पुढे घाल हे शब्द ऐकून त्यांची मान खाली गेली. नाकारलं नाही त्यांनी. मग म्हणाले, दसऱ्याला कारखान्यात पूजा असते, ती आटपली की येतो. नक्की येतो. मग पुढच्या सीटवर बसले. सवयीने हात खांद्याकडे गेला, स्वच्छ झालेला पट्टा सरकन आला, त्यांनी तो लावला. गाडी गेली.

त्या रात्री शांता जेवताना बोलली. वर्षभरात पहिल्यांदा. भीमराव कसे चालायचे, लग्नात त्यांचा फेटा कसा सारखा सुटायचा, असलं काहीबाही. करुणा हसत होती. सुमनने माझ्याकडे पाहिलं, आणि मलाही वाटलं, सुटेल हे.

दसऱ्याला आम्ही सगळे जांभूळला गेलो. आमच्यासाठी तो दिवस दीक्षेचा. विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, अगरबत्तीचा धूर, बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं इतका उकाडा. शांताने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज साहेब येणार आहेत. वंदना झाल्यावर लोक पांगले नाहीत, आबांच्या अंगणात येऊन बसले. शेजारून एक खुर्ची मागून आणली होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकला होता. आबांनी मुलाच्या लग्नातला सदरा घातला होता. दुपार चढली. पोरं कंटाळून खेळायला गेली. दोन-चार म्हातारे कुजबुजायला लागले. शांता दारात उभी होती, बसली नाही.

ऊन उतरायला लागल्यावर गाडीचा आवाज आला. पांढरी गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार. सगळे उठून उभे राहिले. गाडीतून एकटा ड्रायव्हर उतरला. त्याच्या हातात मिठाईचा बॉक्स होता. म्हणाला, साहेबांना काम निघालं, त्यांनी हे पाठवलंय.

"दुसरं काही सांगितलं?" शांताने विचारलं.

त्याने खरोखर आठवून बघितलं. "नाय ताई. एवढंच."

मला वाटलं होतं आबा तो बॉक्स परत पाठवतील. आबा पुढे झाले, त्यांनी दोन्ही हातांनी बॉक्स घेतला आणि कपाळाला लावला. लोकांकडे वळून म्हणाले, "बघा, साहेबानी आठवन ठेवली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने एकेकाला पेढा दिला. पोरं धावत आली. करुणालाही मिळाला.

शांता अंगणाच्या मधोमध आली. तिने आवाज चढवला नाही. "ते पीत नव्हते. त्या दिवशीही प्यायले नव्हते. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ होते, मला माहीत आहे."

लोक पेढे खात ऐकत होते. एक म्हातारा समजुतीने म्हणाला, बाय, तू बायको, तू असंच बोलणार. आबा म्हणाले, "जाव दे गो. गेलेल्या मानसाचा काय घेऊन बसतंस? साहेब मोठ्या मनाचा हाय."

शांताने करुणाकडे पाहिलं. करुणाच्या हातात अर्धा पेढा होता आणि तिला कळत नव्हतं की खावा की टाकावा. शांताने तो तिच्या हातातून काढून घेतला नाही. मी तर म्हणेन, त्या दिवशी तिच्यावर जे जे गुदरलं त्यात हे सगळ्यात अवघड होतं.

परत येताना ती मला म्हणाली, "मी दर दसऱ्याला जाणार. दरवर्षी सांगणार." मला वाटलं, रागाचं बोलणं आहे, ओसरेल. ते ओसरलं नाही. ती दरवर्षी गेली. वंदना झाली की उठून उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, भीमराव पीत नव्हते. पहिली काही वर्षं लोक चुळबुळत. मग त्यांना सवय झाली. पुढे पुढे पोरं तिची वाट बघायला लागली आणि तोंड लपवून हसायला लागली. मी एकदा तिला म्हटलं, बस कर आता, हसं होतंय. ती म्हणाली, हसं माझं होतंय ना, होऊ दे. त्यांचं नाही होत.

आबा गेले. मरेपर्यंत त्यांनी तो मिठाईचा रिकामा बॉक्स भिंतीवरच्या तसबिरींखाली ठेवला होता, त्यात पोस्टाची पत्रं आणि विड्या असायच्या. साहेबांना वरची जागा मिळाली, मग ते निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि तिथे सुखात राहिले असं ऐकलं. त्यांचं काही वाईट झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे मी लपवत नाही. तसं काही झालं नाही. आमच्या अंबरनाथच्या अर्ध्या कारखान्यांच्या जागी इमारती झाल्या, त्यांची कंपनीही त्यात गेली. नवीन गाड्या आल्या, नवीन पट्टे आले, बिघडला तर लोक नवाच बसवायला लागले. शेड मोडून मी बदलापूरला आलो. करुणा शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन नाशिकला गेली. तिच्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्या एका बाईने हळूच विचारलं होतं, वडील दारूनं गेले ना? शांताने चहाचा कप खाली ठेवून तिलाही तेच उत्तर दिलं, त्याच शब्दांत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात शांता गेली. साधा ताप आला, चार दिवसांत संपलं. तिच्या हातांची कातडी अखेरपर्यंत तशीच राहिली होती, कागदासारखी.

म्हणून गेल्या दसऱ्याला मी एकटा जांभूळला गेलो. सुमन म्हणाली, या वयात उन्हातून कशाला? पण मला वाटलं, एखादं वर्ष तरी खंड पडू नये. विहार आता मोठा झालाय, खाली गुळगुळीत फरशी, वर पंखे, माइक. सगळी तरुण मंडळी, टापटीप, हुशार. वंदना झाली. भाषणं सुरू होती. मी माइकवरच्या मुलाला म्हटलं, मला एक मिनिट बोलायचंय. त्याने आदराने हात धरून मला वर घेतलं.

मी जयभीम केला आणि म्हटलं, "या गावचे भीमराव माझे मेहुणे होते. ते कधीही दारू पीत नव्हते. त्यांचा अपघात झाला त्या दिवशीही प्यायले नव्हते."

कुणी हसलं नाही. कुणी कुजबुजलं नाही. तो मुलगा माझ्याकडे वाकला आणि हळू आवाजात, अगदी अदबीने म्हणाला, "काका, कोण भीमराव?"

मी आबांचं नाव सांगितलं. घर कुठे होतं ते सांगितलं. पांढऱ्या गाडीचं सांगितलं. त्याने समोरच्या लोकांकडे पाहिलं. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, ते घर विकलेलं, तिथे आता बंगला आहे, जुनं कोण होतं माहीत नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या. तो शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं, शांताला हे सांगायला हवं असंही वाटून गेलं. पण मी समोरच्या चेहऱ्यांकडे बघत राहिलो आणि कळलं की त्या शब्दाबरोबर तो उंच, पांढऱ्या गणवेशातला माणूसही इथून गेलाय. मी आणलेला निरोप घ्यायला आता कुणी नव्हतं.

 मग त्या मुलाने माझ्या हातातून माइक घेतला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.